स्वमग्न नायकाची प्रेमकथा

कादंबऱ्या वाचूं नका असें शिक्षकानें विद्यार्थ्यांस सांगावें, हा जुना प्रघात आहे. आणि तो सर्वस्वीं निराधार आहे असेंही नाहीं. तथापि या लेखांत मी एका कादंबरीचा, किंबहुना एका प्रेमकथेचाच, वाचकांस परिचय करून देणार आहें. पालकांनीं एकदम दचकूं नये. आधीं कारण ऐकून घ्यावें.

गेल्या दिवाळीच्या सुटींत सांगलीच्या एक बाई मला भेटावयास आल्या. पुष्कळ वर्षांपूर्वीं, मी दुसऱ्या एका शाळेंत असतांना, त्यांचा मुलगा माझ्या वर्गांत होता. आतां तो अठ्ठावीस वर्षांचा असून हळदीच्या एका अडत्याच्या पेढीवर हिशेब ठेवतो. बाईंनीं चहाचा पेला तसाच खालीं ठेवला आणि म्हणाल्या, "सर, साताऱ्याकडचें एक स्थळ सांगून आलें आहे. मुलगी शिकलेली आहे, माणसें चांगलीं आहेत. पण याला स्वमग्नता आहे हें त्यांना सांगावें कीं न सांगावें? सांगितलें तर स्थळ मोडेल. न सांगितलें तर उद्यां त्या मुलीचें काय? आणि खरें सांगा सर, अशा मुलानें लग्न करावें तरी का?"

मला ताबडतोब उत्तर देतां आलें नाहीं. त्याचें एक कारण असें कीं, या मुलाच्या बाबतींत माझ्या हातून पूर्वीं एक अन्याय घडलेला आहे. तेव्हां तो तेरा वर्षांचा होता. सातारा व सांगली या दोन्ही स्थानकांवरून सुटणाऱ्या एस. टी. गाड्यांच्या वेळा त्याला मुखोद्गत होत्या. मिरज जंक्शनवरून कोणती आगगाडी केव्हां निघते, हें तो कोणीं न विचारतांही सांगे. एके दिवशीं मी फळ्यावर गणित मांडीत असतांना तो खिडकीबाहेर पाहत होता. मीं रागानें विचारलें, "तुझें डोकें कोठें आहे?" त्यानें शांतपणें उत्तर दिलें, "मानेवर." सारा वर्ग खो खो हंसला. मला तें उद्धटपण वाटलें आणि मीं त्याला तासभर वर्गाबाहेर उभें केलें. वास्तविक माझ्या प्रश्नाचें त्यानें बिनचूक उत्तर दिलें होतें. वर्ग हंसला तेव्हां तो स्वतः हंसला नव्हता, एवढी एक गोष्ट जरी माझ्या लक्षांत आली असती तरी पुरें होतें.

बाईंकडे मीं चार दिवसांची मुदत मागितली. त्या चार दिवसांत या विषयावर जें हातीं लागलें तें वाचलें, आणि त्यांत ही कादंबरी होती.

परंतु कादंबरीकडे वळण्यापूर्वीं स्वमग्नता म्हणजे काय, हें सांगणें अवश्य आहे. 'ऑटिझम' हा शब्द 'स्वतः' या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून बनलेला आहे. ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञानें विसाव्या शतकाच्या आरंभीं तो प्रथम योजिला, पण तो निराळ्याच एका मनोविकाराचें लक्षण सांगण्यासाठीं. पुढें १९४३ सालीं अमेरिकेंत बाल्टिमोर येथें लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञानें अकरा मुलांचें बारकाईनें केलेलें वर्णन प्रसिद्ध केलें आणि शब्दाला आजचा अर्थ आला. दुसऱ्याच वर्षीं व्हिएन्ना येथें हान्स ॲस्पर्गर यानें बोलण्यांत व बुद्धींत चांगल्या, पण लोकव्यवहारांत अडखळणाऱ्या मुलांविषयीं लिहिलें. महायुद्धाच्या धुमाळींत त्याचें लिखाण मागें पडलें. १९८१ सालीं लोर्ना विंग या इंग्लिश विदुषीनें तें पुन्हां उजेडांत आणिलें. आतां हे दोन निराळे प्रकार मानीत नाहींत. २०१३ पासून अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या प्रमाणग्रंथांत हें सर्व एकाच विस्तृत पट्ट्यांत घातलें आहे.

मराठींत रूढ झालेला 'स्वमग्नता' हा शब्द ऐकावयास गोड आहे. मला मात्र तो थोडासा अन्यायकारक वाटतो. त्यावरून हा मनुष्य आपल्यांतच गढलेला, म्हणजे जवळजवळ आपमतलबी असावा, असा ग्रह होतो. माझा तो विद्यार्थी स्वतःमध्यें मग्न नव्हताच. तो गाड्यांच्या वेळापत्रकांत मग्न होता, आणि वेळापत्रक ही तर सर्व जगाच्या उपयोगाची वस्तु आहे!

ही स्थिति जन्मजात असते. मेंदूची घडणच थोडी निराळी होते. तो जडलेला रोग नव्हे, वेड नव्हे, आणि मतिमंदत्वही नव्हे, जरी कांहीं मुलांत तें जोडीला असूं शकतें. कोणी मूल उशिरां बोलूं लागतें, कोणी कधींच बोलत नाहीं, कोणी ग्रांथिक भाषेंत अखंड बोलतें. समोरच्याच्या डोळ्याला डोळा देणें जड जातें. शब्दांचा सरळ अर्थ कळतो. थट्टा, टोमणा, सूचना हीं निसटतात. रोजचा क्रम मोडला तर जीव कासावीस होतो. कित्येकांस कुकरची शिट्टी, फटाक्याचा बार, नव्या कापडाचें खरखरीतपण हीं आपल्यास कल्पना येणार नाहीं इतकीं असह्य होतात. गणेशोत्सवांतील ध्वनिवर्धकांच्या भिंतींपुढें अशा मुलाचें काय होत असेल, याचा विचार गल्लींतल्या मंडळांनीं करावयास हरकत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२१ सालीं जगांत सुमारें १२७ माणसांमागें एक मनुष्य स्वमग्न होता. म्हणजे आमच्यासारख्या मोठ्या हायस्कुलांत अशीं कांहीं मुलें असणारच, मग त्यांना कोणीं नांव दिलेलें असो वा नसो.

पालकांसाठीं एक गोष्ट विशेष स्पष्टपणें सांगतों. आईच्या मायेंत उणें पडलें म्हणून मूल असें होतें, असा समज एके काळीं विद्वानांतही होता, आणि ब्रूनो बेटेलहाइम यानें १९६७ च्या आपल्या ग्रंथांत तो जोरानें मांडला. बर्नार्ड रिमलंड नांवाच्या मानसशास्त्रज्ञानें, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, १९६४ सालींच त्याच्या विरुद्ध पुरावा पुढें ठेविला होता. आज तो समज टाकून दिलेला आहे. परंतु तोंपर्यंत किती मातांनीं स्वतःस दोष देत दिवस काढले असतील! लस टोंचल्यानें स्वमग्नता येते हीही अशीच एक आवई. १९९८ सालीं ज्या इंग्लिश वैद्यकीय नियतकालिकांत तो लेख आला, त्यानेंच २०१० सालीं तो मागें घेतला.

आतां कादंबरी. तिचें नांव 'द रोझी प्रॉजेक्ट'. ग्रेम सिम्शन या ऑस्ट्रेलियन लेखकाची ही पहिली कादंबरी २०१३ सालीं प्रसिद्ध झाली. हे गृहस्थ मूळचे संगणकाच्या क्षेत्रांतले सल्लागार. गोष्ट त्यांनीं आधीं चित्रपटासाठीं लिहिली होती. मागाहून तिची कादंबरी केली.

नायक डॉन टिलमन हा मेलबर्नच्या एका विद्यापीठांत अनुवंशशास्त्र शिकवितो. वय एकोणचाळीस, प्रकृति उत्तम, उत्पन्न चांगलें, आणि मित्र मोजून दोन. त्याचा आठवडा मिनिटांच्या हिशेबानें आंखलेला आहे; मंगळवारीं जें जेवण करावयाचें तें दर मंगळवारीं तेंच. कथेच्या आरंभींच मित्राच्या ऐवजीं त्याला ॲस्पर्गरनें वर्णिलेल्या लक्षणांवर व्याख्यान देण्यास जावें लागतें. तो तयारी करतो, व्याख्यान देतो, आणि हें सारें वर्णन आपल्यासच लागूं पडतें, हें त्याच्या ध्यानींमनींही येत नाहीं. वाचकाच्या मात्र येतें, आणि येथपासून वाचक व नायक यांच्यामध्यें एक मौजेचा लपंडाव सुरू होतो.

एका वृद्ध शेजारणीनें 'तूं कोणाचा तरी उत्तम पति होशील' असें म्हटलें, तेव्हांपासून डॉनच्या मनांत लग्नाचा विचार आहे. पण तो करावयाचा कसा? त्यानें शास्त्रीय मार्ग पत्करला: सोळा पानांची एक प्रश्नावली तयार केली. धूम्रपान करणाऱ्या, मद्य घेणाऱ्या, वेळ न पाळणाऱ्या स्त्रिया तिच्या योगें आपोआप वगळल्या जाव्या, ही योजना. अशा वेळीं रोझी येते. ती सिगारेट ओढते, उशिरां येते, मद्यगृहांत काम करते, आणि डॉनच्या ठरलेल्या जेवणांत न बसणारी शाकाहारी आहे. प्रश्नावलींत ती पहिल्याच पानावर नापास! परंतु तिला आपला खरा जन्मदाता कोण हें शोधावयाचें आहे, आणि डॉन तर अनुवंशशास्त्रज्ञ. त्या शोधांत तो तिला मदत करूं लागतो. त्यासाठीं एका मेजवानींत वाढप्याचें सोंग घ्यावें लागतें, तर पेयें मिसळण्याच्या कृतींचें अख्खें पुस्तक तो पाठ करतो. आंखलेला आठवडा हळूहळू विस्कटतो, आणि विस्कटलेल्या आठवड्यांत आपण अधिक सुखी आहों, हें त्याला मोठ्या आश्चर्यानें कळूं लागतें.

एक प्रसंग तर मीं दोन वेळां वाचला. एका श्रीमंती उपाहारगृहांत जॅकेट घालून येण्याचा नियम असतो. डॉन आपलें पावसापासून बचाव करणारें, भारी किंमतीचें जॅकेट घालून जातो. दारावरचा मनुष्य अडवितो. त्याच्या लेखीं जॅकेट म्हणजे सुटाचा कोट. डॉन आपलें जॅकेट कोटाहून कसें सरस आहे हें शास्त्रशुद्ध रीतीनें पटवूं लागतो, आणि अखेर प्रकरण हातघाईवर येतें. मी हंसलों; मग मला 'मानेवर' हें उत्तर आठवलें, आणि हंसूं आवरलें. त्या दरवानाच्या जागीं मीच उभा होतों.

पाश्चात्त्य वाचक सोळा पानांच्या प्रश्नावलीस पोट धरून हंसत असतील. मला तींत फारसें नवल वाटलें नाहीं. आपल्याकडील वधूवर-सूचक मंडळाचा छापील तक्ता आपण पाहिला असेलच: उंची, वर्ण, शिक्षण, पगार, गोत्र, नाडी, घर स्वतःचें कीं भाड्याचें, शेती किती एकर आणि बागायत कीं जिराईत. आम्हां ख्रिस्ती कुटुंबांत पत्रिका पाहत नाहींत. बाकीचे रकाने तेच. हातांत तक्ता असला म्हणजे आपण सारेच थोडेबहुत डॉन टिलमन असतों. फरक एवढाच कीं त्या बिचाऱ्यानें आपला तक्ता स्वतः तयार केला आणि रोझी भेटल्यावर तो बाजूस ठेवण्याचें धैर्य दाखविलें. सांगलीजवळच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनीं १८९९ सालीं 'शारदा' नाटक लिहिलें, त्यांत मुलीच्या बापाच्या तक्त्यांत एकच रकाना होता, तो म्हणजे पैशाचा. जिचें लग्न व्हावयाचें तिला विचारावयाचें मात्र राहून गेलें. आणि मराठीची पहिली कादंबरी म्हणून जिचें नांव घेतात, ती बाबा पदमनजींची १८५७ ची 'यमुनापर्यटन', तीही समाजानें ज्यांच्या संसाराचा प्रश्न कायमचा मिटवून टाकिला होता अशा विधवांविषयींच आहे. लग्नाच्या मांडवाबाहेर ज्याला उभें केलें आहे त्याच्या बाजूनें गोष्ट सांगावयाची, हें कादंबरीचें काम आपल्याकडे नवें नाहीं.

डॉनची खरी अडचण पुढें येते. करुण चित्रपट पाहून इतरांस जें वाटतें तें आपल्यास वाटत नाहीं. तेव्हां आपल्यास प्रेमही करतां येत नसावें, असा निष्कर्ष तो काढतो. रोझीलाही हीच शंका आहे. येथेंच कादंबरीचें मर्म आहे. स्वमग्न माणसास भावना नसतात, हा समज सर्वांत जुना आणि सर्वांत घातक. भावना असतात; पुष्कळदां त्या इतक्या तीव्र असतात कीं आवरत नाहींत; केवळ त्या चेहऱ्यावर आपल्या अपेक्षेप्रमाणें उमटत नाहींत. डेमियन मिल्टन या इंग्लिश अभ्यासकानें, जो स्वतः स्वमग्न आहे, २०१२ सालीं असें मांडलें कीं ही अडचण दुहेरी आहे: त्यांना आपलें मन कळत नाहीं हें जितकें खरें, तितकेंच आपल्याला त्यांचें कळत नाहीं हेंही खरें. आपण मात्र दोष एकाच बाजूच्या खात्यावर मांडतों. वर्गाबाहेर कोण उभें राहिलें होतें, हें वर सांगितलेंच आहे.

कादंबरीचे दोषही सांगितले पाहिजेत. डॉन विद्वान आहे, मिळवता आहे, बोलका आहे. ज्या घरांत अठरा वर्षांचा मुलगा अजून एक शब्दही बोललेला नाहीं आणि ज्याला जन्मभर कोणाचा तरी हात धरावा लागणार आहे, त्या घरास ही गोष्ट थोडी दूरचीच वाटेल. १९८८ च्या 'रेन मॅन' चित्रपटापासून प्रत्येक स्वमग्न मनुष्य गणितांत अद्भुत असतो, असाही एक भ्रम पसरला आहे. तशी माणसें फार थोडीं. शिवाय कथेंतील मित्राचें स्त्रियांशीं वर्तन अनुकरणीय नाहीं. म्हणून ही कादंबरी आधीं पालकांनीं वाचावी व मग वरच्या वर्गांतील मुलांच्या हातीं द्यावी. पुढच्या दोन भागांपैकीं २०१९ चा तिसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण त्यांत डॉनच्या मुलास शाळेंत त्रास होऊं लागतो आणि त्याला स्वमग्न हें नांव द्यावें कीं न द्यावें, हा प्रश्न उघडपणें पुढें येतो. हेलन होआंग या अमेरिकन लेखिकेनें २०१८ सालीं स्वमग्न नायिका घेऊन प्रेमकथा लिहिली. त्या स्वतःच प्रौढपणीं स्वमग्न ठरल्या आहेत. मुलींच्या बाबतींत ही गोष्ट उशिरां ओळखूं येते, हें त्यांच्या उदाहरणावरून कळतें. पण तें पुस्तक निव्वळ प्रौढांसाठीं आहे, विद्यार्थ्यांसाठीं नव्हे.

आपल्याकडे या दिशेनें चित्रपट पुढें गेले. १९९१ च्या 'चौकट राजा' या मराठी चित्रपटांतला, दिलीप प्रभावळकरांनीं उभा केलेला नंदू स्वमग्न नाहीं; लहानपणच्या अपघातानें त्याची वाढ खुंटलेली आहे. पण बालमैत्रिणीवरील त्याची माया पाहून साऱ्या महाराष्ट्राचे डोळे ओले झाले. जयवंत दळवींच्या 'नातीगोती' नाटकांत मतिमंद मुलाच्या आईबापांची होरपळ आहे. खरा स्वमग्न नायक आला तो २०१० च्या 'माय नेम इज खान' या हिंदी चित्रपटांत. मुंबईच्या बोरिवलींत वाढलेला रिझवान अमेरिकेंत जातो, मंदिरेवर प्रेम करतो व तिच्याशीं लग्न करतो. पिवळ्या रंगाची त्याला भीति आहे, आणि खोटें बोलणें त्याला जमत नाहीं. २०१२ च्या 'बर्फी' मधली झिलमिल ही तशीच. या दोघांनीं निदान एवढें केलें कीं, असा मनुष्यही प्रेमाचा विषय होऊं शकतो, केवळ दयेचा नव्हे, हें घरोघर दिसलें.

कायद्यानेंही वाट थोडी मोकळी केली आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यांत स्वमग्नतेचा नांवानिशीं समावेश झाला, आणि २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यांतील २१ प्रकारांतही ती आहे. अशा मुलांच्या पालकांनीं प्रमाणपत्र घेण्यास संकोच करूं नये. नांव लागल्यानें मूल बदलत नाहीं, सवलत मात्र मिळते.

पांचव्या दिवशीं बाई आल्या. सोबत मुलगा होता. मी म्हणालों, "लग्न करावें कीं नाहीं हें मी सांगूं शकत नाहीं, तें त्यानें आणि त्या मुलीनें ठरवावें. पण लपवूं नका. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांतही महत्त्वाची गोष्ट लपवून मिळविलेली संमति टिकत नाहीं, आणि कायदा नसता तरी ती टिकली नसती." बाई बराच वेळ काहीं बोलल्या नाहींत. मग मीं त्या मुलाकडे वळून 'मानेवर' ची आठवण काढली आणि तासभर उभें केल्याबद्दल माफी मागितली. तो खिडकीकडे पाहत म्हणाला, "तासभर नव्हे, सर. बत्तीस मिनिटें. मग घंटा झाली."

त्यानें खिशांतून एक घडी केलेला कागद काढला. मुलीकडच्यांना काय सांगावें हें आईस सुचत नव्हतें, म्हणून तें त्यानेंच लिहून आणिलें होतें. अक्षर टांकासारखें सुबक. मला स्वमग्नता आहे, असा आरंभ होता. मला कुकरची शिट्टी सोसत नाहीं. स्वयंपाक मी करीन, पण पातेल्यांत. पाहुणे यावयाचे असतील तर आदल्या दिवशीं सांगावें. मी गप्प असलों म्हणजे रागावलों आहें असें समजूं नये. तुम्हांस काय हवें तें शब्दांनीं सांगावें. चेहऱ्यावरून मला कळत नाहीं, पण सांगितलेलें मी विसरत नाहीं. पगाराचा आंकडा होता, औषध कोणतेंही चालूं नसल्याचें लिहिलें होतें, आणि सर्वांत शेवटीं त्यांच्या गांवाहून सांगलीस येणाऱ्या व परत जाणाऱ्या सर्व गाड्यांच्या वेळा दिल्या होत्या, म्हणजे भेटावयास येणें सोयीचें होईल.

वेळापत्रकाचा भाग खोडून टाकावा, असें आईचें म्हणणें पडलें. तो राहूं द्यावा, असें मीं सुचविलें. कागद त्या घरीं पोंचला आहे. हा अंक छापावयास जाईपर्यंत उत्तर आलेलें नाहीं.